कामगारांच्या कानांची तपासणी : यंत्र कोणते, संगणकप्रणाली कशी?

सारंगखेडा, प्रतिनिधी : तापी नदीच्या काठी वसलेले सारंगखेडा महाराष्ट्राला ठाऊक आहे ते दत्तजयंतीच्या यात्रेसाठी आणि त्या यात्रेत भरणाऱ्या घोडेबाजारासाठी. यात्रेतील ध्वनिवर्धकांचा गोंगाट काही दिवसांनी शांत होतो. या पट्ट्यातील ऊस आणि कापूस मात्र ज्या उद्योगांकडे जातो, तेथील गोंगाट हंगाम संपेपर्यंत थांबत नाही. शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगर येथे सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून साखरधंदा या भागाच्या अंगवळणी पडला आहे. शहादा, दोंडाईचा व नंदुरबार परिसरात कापसाचे जिनिंग-प्रेसिंगही चालते. उसाचे तुकडे करणारी यंत्रे, गिरण्यांची टर्बाइने, वाफ सोडणाऱ्या झडपा, सरकी वेगळी करणारी जिन-यंत्रे यांच्याजवळ पाळी करणाऱ्या कामगाराच्या कानांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न म्हणूनच येथे केवळ पुस्तकी नाही.

या प्रश्नाचे उत्तर मिळते ते श्रवणतपासणीतून. कारखान्यांकडून अशी तपासणी अपेक्षित आहे. तथापि, ती करण्यासाठी कोणते यंत्र घ्यावे, नोंदी कशात ठेवाव्यात, हा विषय बहुतेक ठिकाणी खरेदी विभागाच्या टेबलावर दरपत्रकांच्या तुलनेपुरता उरतो. यंत्र स्वस्त की महाग, यापेक्षा त्याने आज दिलेला आकडा मागील वर्षीच्या आकड्याशी विश्वासाने ताडून पाहता येतो की नाही, हा खरा निकष आहे. पुढील विवेचन याच निकषाच्या आधारे केले आहे.

कायदा काय सांगतो?

गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा हा व्यवसायजन्य आजार आहे, हे आपल्या कायद्याने फार पूर्वीच मान्य केले आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे ज्यांची सूचना शासनाला देणे बंधनकारक असते अशा आजारांच्या यादीत, त्याचा समावेश होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यवसायविषयक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही हा आजार अधिसूचित यादीत कायम आहे. नुकसानभरपाईच्या कायद्यातही गोंगाटामुळे आलेल्या श्रवणदोषाला स्थान आहे.

कारखाने अधिनियमाखाली राज्यांनी केलेल्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा रूढ झाली. आवाज ९५ डेसिबल असल्यास चार तास, १०० असल्यास दोन तास, असा तो हिशेब आहे. उच्च आवाजाच्या कामावर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत प्रमाणक शल्यचिकित्सकाकडून पहिली तपासणी आणि त्यानंतर निदान १२ महिन्यांतून एकदा फेरतपासणी, हीदेखील त्याच नियमांची रीत. अमेरिकेतील व्यवसायजन्य आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने मात्र १९९८ मध्ये आठ तासांसाठी ८५ डेसिबलचीच शिफारस केली आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीला काळ निम्मा करण्यास सांगितले. त्या हिशेबाने १०० डेसिबलच्या आवाजात जेमतेम १५ मिनिटे थांबणे सुरक्षित ठरते. कायद्याची मर्यादा पाळली म्हणजे कान सुरक्षित राहिले, असे समजणे त्यामुळे धाडसाचे ठरेल.

येथे एक गल्लत टाळावयास हवी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधील औद्योगिक क्षेत्रासाठीची दिवसा ७५ व रात्री ७० डेसिबल ही मर्यादा परिसरातील आवाजासाठी आहे. यंत्राशेजारी उभ्या कामगाराच्या कानापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजाशी तिचा संबंध नाही.

आजार दिसत नाही, म्हणूनच

इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्यात व्हेनिसच्या तांबटांच्या बहिरेपणाची नोंद आहे. पुण्याच्या तांबट आळीतील ठोक ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ती नोंद पटावी. १८८६ मध्ये ग्लासगोच्या डॉ. थॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले. त्यांचे साधन होते खिशातील घड्याळ. त्याची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, हे ते मोजत. कोणत्याही आधुनिक यंत्राविना त्यांनी कारखान्यातील बहिरेपणा सिद्ध केला. आज आपल्याला लागते ती याहून सूक्ष्म मोजणी, कारण बहिरेपणा सिद्ध करण्यापेक्षा तो येण्याआधी ओळखणे महत्त्वाचे आहे.

आंतरकर्णातील सूक्ष्म रोमपेशी ध्वनीचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करतात. सततच्या मोठ्या आवाजाने त्या नष्ट होतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. गेलेले श्रवण परत आणणारे औषध नाही. प्रारंभीची झीज साधारणतः ३,००० ते ६,००० हर्ट्झ या उच्च स्वरांत होते. ४,००० हर्ट्झच्या आसपास श्रवणालेखात खाच पडलेली दिसते. बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीत असल्याने माणसाला बोलणे ‘ऐकू’ येत राहते. मात्र स, श, फ, थ यांसारखी व्यंजने निसटू लागतात. घरची मंडळी म्हणतात, ‘लक्ष देत नाही’. तो म्हणतो, ‘तुम्ही पुटपुटता’. त्याला स्वतःला दोष जाणवेपर्यंत बहुधा बरीच वर्षे गेलेली असतात.

‘पास-नापास’ यंत्राचा धोका

बाजारात श्रवणमापक यंत्रे, म्हणजे ऑडिओमीटर, अनेक प्रकारची मिळतात. सर्वांत स्वस्त असते ते चाळणी-तपासणीचे यंत्र. ठरावीक तीव्रतेचा, बहुधा २५ डेसिबलचा, स्वर ऐकू आला की ‘उत्तीर्ण’, नाही आला तर ‘अनुत्तीर्ण’, असा त्याचा वापर केला जातो. शाळेतील मुलांच्या शिबिरात याचा उपयोग आहे. कारखान्यात ते अपुरे आहे.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या कामगाराचा श्रवणउंबरठा, म्हणजे जेमतेम ऐकू येणारा सर्वांत लहान आवाज, कामावर लागताना २,०००, ३,००० व ४,००० हर्ट्झला अनुक्रमे ०, ५ व ५ डेसिबल होता. तीन वर्षांनी तो १०, १५ व २५ झाला. पास-नापास यंत्र म्हणेल, ‘सर्व ठीक’. प्रत्यक्षात फरक १०, १० व २०, म्हणजे सरासरी १३ डेसिबलहून अधिक आहे. अमेरिकेच्या १९८३ पासूनच्या नियमानुसार या तीन स्वरांवर सरासरी १० डेसिबल वा अधिक घसरण कोणत्याही एका कानात आढळली, तर ती दखलपात्र मानून कामगाराला लेखी कळवावे लागते आणि त्याची कर्णरक्षके पुन्हा तपासावी लागतात. म्हणजे ज्या क्षणी काही करता आले असते, नेमक्या त्याच क्षणी स्वस्त यंत्र गप्प राहते.

यास्तव कारखान्यासाठी प्रत्येक स्वराचा प्रत्यक्ष उंबरठा ५ डेसिबलच्या पायऱ्यांनी मोजणारे शुद्धस्वर श्रवणमापक हवे. ते आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६०६४५-१ या मानकाला अनुसरून आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारावे. स्वरांची यादी स्वतः वाचावी. आपल्याकडील नियमांत रूढ असलेली यादी १२५, २५०, ५००, १,०००, २,०००, ४,००० व ८,००० हर्ट्झ अशी आहे. तीत ३,००० व ६,००० नाहीत. खाच तर नेमकी त्यांच्याच आसपास पडते. नियमाची पूर्तता आणि आजाराची ओळख ही दोन्ही कामे करणारे, म्हणजे या सर्व नऊ स्वरांचे यंत्र घेणे शहाणपणाचे.

हस्तचलित की स्वयंचलित?

हस्तचलित यंत्रात तपासनीस स्वतः स्वर देतो. प्रतिसाद मिळाला की १० डेसिबल खाली, न मिळाल्यास ५ डेसिबल वर, अशी चढउतार करीत उंबरठा शोधतो. स्वयंचलित यंत्र हेच काम आपल्या आज्ञावलीने करते आणि कामगार बटण दाबून प्रतिसाद देतो. शेकडो कामगारांची तपासणी थोड्या दिवसांत उरकायची असेल तर स्वयंचलित यंत्र सोयीचे, आणि तपासनीस बदलला तरी पद्धत तीच राहते. मात्र ज्यांच्या कानात सतत शिट्टी वाजते, ज्यांना सूचना नीट उमगलेली नाही किंवा ज्यांचे प्रतिसाद अस्थिर आहेत, त्यांच्यासाठी हाताने तपासण्याची सोय त्याच यंत्रात असणे आवश्यक आहे.

अलीकडे टॅब्लेटवर चालणारी, ध्वनिरोधक कक्षाशिवाय वापरता येतात असे सांगितली जाणारी यंत्रेही आली आहेत. त्यांचे जाड आवरणाचे हेडफोन बाहेरचा उच्च स्वर चांगला अडवतात. यंत्रांची घरघर, म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज, त्या मानाने कमी अडतो. तपासणी चालू असताना भोवतालचा आवाज मोजून, तो मर्यादेबाहेर गेल्यास चाचणी थांबवणारे यंत्र असेल तरच त्याचा विचार व्हावा.

हेडफोनबाबत एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. श्रवणमापकाचे अंशांकन, म्हणजे कॅलिब्रेशन, त्याच्या विशिष्ट हेडफोनच्या जोडीसह झालेले असते. एक जोडी बिघडली म्हणून दुसऱ्या यंत्राची लावली, तर आकडे दिसतात. पण त्यांना अर्थ उरत नाही.

खोली यंत्राइतकीच महत्त्वाची

उत्तम यंत्र पंख्याखाली, जनरेटरच्या भिंतीपलीकडे ठेवले तर ते कामगाराचा कान मोजत नाही, खोलीचा गोंगाट मोजते. अमेरिकी नियमात तपासणीच्या खोलीतील आवाज ५०० व १,००० हर्ट्झच्या पट्ट्यांत ४० डेसिबल, २,००० ला ४७, ४,००० ला ५७ व ८,००० ला ६२ डेसिबलपेक्षा अधिक नसावा, असे आहे. आंतरराष्ट्रीय मानके याहून कडक आहेत. तयार ध्वनिरोधक कक्ष घ्यायचा असेल तर तो बसवल्यानंतर, कारखाना पूर्ण क्षमतेने चालू असताना, आतील आवाज मोजून दाखवण्याची अट खरेदी आदेशातच घालावी. नंदुरबारच्या उन्हाळ्याचा विचार करता कक्षातील वायुवीजनाचा पंखा किती आवाज करतो, हेही पाहावे. घामाघूम झालेला माणूस बारीक स्वराकडे लक्ष देऊ शकत नाही. फिरत्या वाहनातून तपासणी करणारी संस्था नेमल्यास तिचे वाहन गिरणीपासून दूर उभे करावे.

अंशांकनाची शिस्त तीन पदरी आहे. दररोज तपासणी सुरू होण्यापूर्वी, ज्याचे श्रवण ठाऊक व स्थिर आहे अशा एका व्यक्तीचे कान यंत्रावर तपासून आकडे जुळतात का, हे पाहावे. वर्षातून एकदा ध्वनिमापनाद्वारे पडताळणी करावी. ठरावीक मुदतीने, अमेरिकी नियमानुसार दर दोन वर्षांनी, संपूर्ण अंशांकन करावे. यंत्र घेण्यापूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत : अंशांकन कोठे होते, ती प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का, आणि यंत्र तेथे गेल्यावर बदली यंत्र मिळते का? ज्या यंत्राची सेवा मिळण्यासाठी महिनोन्महिने थांबावे लागते, ते सारंगखेड्यासारख्या ठिकाणी दुसऱ्या वर्षापासून कपाटात जाते.

संगणकप्रणाली : वहीपेक्षा वेगळी कशी?

श्रवणालेख छापून फाइलला लावणे एवढेच जर प्रणाली करीत असेल, तर ती महागडी वही होय. तिने पुढील गोष्टी केल्या पाहिजेत.

पहिली, प्रत्येक कामगाराची पायाभूत, म्हणजे कामावर लागतानाची नोंद जपून प्रत्येक नव्या चाचणीची तिच्याशी आपोआप तुलना करणे आणि दखलपात्र घसरण दाखवणे. केवळ मागच्या वर्षीशी तुलना करणारी प्रणाली फसवी. दरवर्षी ३-४ डेसिबलने होणारी घसरण तिला कधीच दिसत नाही.

दुसरी, मूळ आकडे कायम ठेवणे. फेरतपासणी झाली तर जुना आकडा पुसला जाऊ नये. दोन्ही राहावेत आणि बदल कोणी, केव्हा केला याची नोंद राहावी. वयोमानानुसार होणारी घट वजा करण्याची सोय काही प्रणालींत असते. अमेरिकी नियम ती वापरू देतो. तेथील राष्ट्रीय संस्था मात्र व्यक्तिगत श्रवणालेखात तसे करू नये, असे म्हणते. कागदावर घसरण लहान दिसावी म्हणून ही सोय वापरली जाऊ नये. निदान मूळ आकडे शेजारी दिसलेच पाहिजेत.

तिसरी, प्रत्येक चाचणीसोबत यंत्राचा क्रमांक, अंशांकनाची तारीख, खोलीतील आवाज, तपासनिसाचे नाव आणि कामगाराचा विभाग यांची नोंद. उद्या भरपाईचा वाद उभा राहिला तर आकड्याला आधार देतात त्या याच नोंदी.

चौथी, सर्व माहिती सीएसव्हीसारख्या खुल्या स्वरूपात बाहेर काढण्याची मुभा. वार्षिक वर्गणी भरली नाही म्हणून दहा वर्षांच्या नोंदी कुलूपबंद व्हाव्यात, हे परवडणारे नाही. इंटरनेट खंडित झाले वा वीज गेली, तरी तपासणी चालू राहून नोंद नंतर जुळवता आली पाहिजे.

पाचवी, गोपनीयता. श्रवणालेख ही आरोग्यविषयक व्यक्तिगत माहिती आहे आणि डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. व्यवस्थापनाला विभागवार घसरण कळावी. एखाद्याचा पूर्ण आलेख पाहण्याचा अधिकार वैद्यकीय अधिकारी व स्वतः कामगार यांच्यापुरता असावा. अन्यथा ‘कान खराब निघाला तर कामावरून काढतील’ या भीतीने कामगार खोटे प्रतिसाद देऊ लागतात आणि सारी तपासणी व्यर्थ जाते.

हंगामी कामगाराचे काय?

या भागातील खरा पेच येथे आहे. साखर कारखाना बॉयलर अग्निप्रदीपनाने जागा होतो, गव्हाणीत मोळी पडते, आणि चार-पाच महिन्यांनी गळीत संपते. जिनिंगचेही तसेच. कायम कामगारांबरोबर हंगामी व ठेकेदारामार्फत आलेले कामगार मोठ्या संख्येने असतात. आज येथे, पुढच्या वर्षी शेजारच्या तालुक्यात किंवा गुजरातेत. प्रत्येक ठिकाणी त्याची ‘पहिली’ तपासणी होते आणि मागील हंगामांत गेलेले श्रवण हीच त्याची नवी पायाभूत नोंद ठरते. दहा हंगामांत कान निकामी झाले, तरी कोणत्याही एका कारखान्याच्या दफ्तरात घसरण सापडत नाही.

यावरील उपाय महागडा नाही. तपासणीनंतर श्रवणालेखाची प्रत, सर्व स्वरांच्या आकड्यांसह, कामगाराच्या हाती द्यावी. पुढील कारखान्याने ती मागून घ्यावी आणि आपल्या प्रणालीत पायाभूत म्हणून नोंदवावी. बाहेरच्या चाचणीचे आकडे अशा रीतीने नोंदवता येतात का, हा प्रश्न प्रणाली घेताना अवश्य विचारावा. मराठीत, मोठ्या अक्षरांत प्रत छापणारी प्रणाली असेल तर उत्तमच.

वेळेचेही महत्त्व आहे. पायाभूत चाचणीपूर्वी निदान १४ तास कान मोठ्या आवाजापासून दूर असावेत, असा संकेत आहे. कारण गोंगाटाने येणारी तात्पुरती बधिरता आकडे फुगवते. हंगामी कामगारांसाठी सर्वांत योग्य वेळ म्हणजे अग्निप्रदीपनापूर्वीचे दिवस. यंत्रे थंड, खोली शांत आणि कान विसावलेले. वार्षिक चाचणी मात्र हंगामाच्या मध्यावर, पाळीच्या अखेरीकडे घेतल्यास तात्पुरती बधिरता हाती लागते. कर्णरक्षके निरुपयोगी ठरत असल्याचा तो पहिला इशारा असतो. घसरण दिसल्यास विश्रांतीनंतर महिन्याच्या आत फेरतपासणी करावी. मार्गशीर्षातील यात्रेच्या दिवसांत मात्र चाचण्या ठेवू नयेत. रात्रभर तमाशा वा मौत का कुआँ पाहून आलेल्याचे कान कारखान्याबद्दल काहीच सांगू शकत नाहीत.

भाषेचाही मुद्दा आहे. नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा असून भिली, पावरी, अहिराणी, गुजर बोली येथे घरोघरी बोलल्या जातात. स्वयंचलित यंत्रातील ध्वनिमुद्रित सूचना इंग्रजी वा हिंदीत असतील, तर चुकीचे प्रतिसाद ‘बहिरेपणा’ म्हणून नोंदले जाण्याचा धोका संभवतो. आपल्या बोलीत सूचना मुद्रित करण्याची सोय आहे का, हे पाहावे. नसल्यास त्या बोलीचा जाणकार तपासनिसासोबत बसवावा.

माणूस आणि मर्यादा

यंत्र कितीही चांगले असो, तपासणीपूर्वी कानात मळ आहे का, सर्दी वा कान फुटण्याचा त्रास आहे का, हे पाहणारा माणूस लागतो. शक्यतो भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या श्रवणतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम व्हावे. दोन कानांत मोठी तफावत, अचानक आलेली घसरण किंवा चक्कर असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. तो गोंगाटाचा परिणाम नसून अन्य आजार असू शकतो. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत या विषयाचे प्रशिक्षण व मार्गदर्शन उपलब्ध आहे.

ज्या लहान जिनिंग कारखान्याला स्वतःचे यंत्र घेणे झेपत नाही, त्याने ते घेऊही नये. परिसरातील चार-पाच कारखान्यांनी मिळून एक यंत्र, एक प्रशिक्षित तपासनीस आणि एकच प्रणाली ठेवली, तर खर्च विभागला जातो. शिवाय कामगार एका दारातून दुसऱ्या दारात गेला तरी त्याची नोंद त्याच्यासोबत राहते. सहकाराची सवय असलेल्या या परिसराला ही कल्पना अवघड वाटू नये.

अखेरीस, तपासणीने कान वाचत नाहीत, हे विसरता कामा नये. ते वाचतात यंत्राला आवरण घातल्याने, सैल झालेले भाग आवळल्याने, गोंगाटातील पाळी आखूड केल्याने आणि कानात नीट बसणारी कर्णरक्षके वापरल्याने. हे सारे पुरेसे होते आहे की नाही, ते श्रवणतपासणी सांगते. ते खरे सांगावे, एवढ्यासाठी यंत्र आणि प्रणाली निवडताना हा सारा खटाटोप करावयाचा. यंदाच्या गळितापूर्वी ज्या कामगाराच्या हातात त्याच्या कानांचे आकडे लिहिलेला कागद पडेल, त्याला पुढच्या वर्षी निदान विचारता येईल, ‘यातले किती उरले?’